मशीन गरम होईपर्यंत

मुन्शीजींना मी आयुष्यात एकदाच घाबरलेलं पाहिलं. त्यांचा संगणक पंधरा सेकंदांत सुरू झाला, तेव्हा.

एरवी ते कशालाच घाबरत नसत. नायगावात तहसीलच्या समोर पत्र्याचं एक शेड, त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाकडं आणि एक प्रिंटर, एवढ्या संस्थानाचे ते धनी. धंदा लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दूतून दरखास्ती लिहायचे, त्यामुळे आपण टायपिंग करून देणारे नाही, खानदानी अर्जनवीस आहोत, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं. सगळा तालुका त्यांना मुन्शीजी म्हणायचा. खरं नाव त्यांच्या मतदार ओळखपत्रावर चुकीचं छापलेलं होतं. ते त्यांनी कधी दुरुस्त करून घेतलं नाही, कारण त्यासाठी सरकारनं छापलेल्या नमुन्यात अर्ज भरावा लागत होता, आणि दुसऱ्यानं लिहिलेल्या मजमुनावर सही करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. नांदेडला सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स करून आले होते आणि प्रमाणपत्राला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. वडिलांची आणि त्यांची ओळख. नोकरी लागेपर्यंत बसेल तुमच्याकडे, असं वडील म्हणाले. मुन्शीजींनी प्रमाणपत्र पुढून वाचलं, मागून वाचलं, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि त्या दिवसापासून मला 'म्याडम' म्हणायला लागले. त्यात आदर नव्हता हे माझ्यासकट सगळ्यांना कळत होतं.

त्यांची लिहिण्याची काही तत्त्वं होती. अर्ज एका पानाच्या वर जाऊ द्यायचा नाही. "काय रडायचं ते पयल्या पानावर रडून घ्या, दुसरं पान कोणताच साहेब वाचत न्हाई," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. 'हात जोडून विनंती' हे शब्द त्यांनी कधी लिहू दिले नाहीत. हात जोडले तर खाली सही कशानं करणार, असा त्यांचा सवाल. तहसीलच्या फलकावर नवीन नोटीस लागली की ते लाल पेन घेऊन जात, चुका दुरुस्त करत आणि परत येऊन हात धुवत. खिशाला तीन पेनं असत. तिन्हींतलं एकही त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. सहीसाठी पेन मागणाऱ्याला ते समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवत.

आणि मशीन. ते संगणक म्हणत नसत. नांदेडच्या एका कंपनीनं काढून टाकलेला, जेवणाच्या डब्याएवढा तो छोटा काळा संगणक त्यांनी कधी काळी घेतला होता. लहान आहे म्हणूनच घेतला. रोज संध्याकाळी पंच्यात गुंडाळून ते त्याला पिशवीतून घरी नेत आणि सकाळी परत आणत. स्क्रीन आणि प्रिंटर मात्र बिनधास्त शेडमध्ये सोडून जात. चोराला अक्कल असेल तर तो डोकंच नेईल, बाकी नेऊन काय करील, हा त्यामागचा विचार.

हे डोकं सुरू व्हायला अठरा मिनिटं घ्यायचं. बटण दाबलं की घुर्रऽ असा आवाज, मग काळा पडदा, मग गोल फिरणारं चक्र, मग पुन्हा काळा पडदा. "गरम होऊ द्या," मुन्शीजी म्हणत. मे महिन्यात, पत्र्याखाली, जिथं टेबलाला हात लावला तर पोळायचा, तिथंसुद्धा ते म्हणत, "अजून गरम व्हायचंय." शिवाय मध्येच ते अडकायचं, की बंद करून पुन्हा अठरा मिनिटं. अशी दिवसातून चार-पाच वेळा आमची यात्रा व्हायची.

त्या अठरा मिनिटांत ते गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत. कुठलं गाव, कुणाचे तुम्ही, मामाचं गाव कोणतं, पोरगी कुठं दिली, जावई काय करतो, शेजारी कोण, त्याच्याशी बोलणं आहे का, नसलं तर कधीपासून नाही. अर्जात यातलं एक अक्षर लागत नसे. याला सरळ भाषेत चोंबडेपणा म्हणतात आणि मीही तेच म्हणायचे, मनात. तालुक्यातल्या निम्म्या घरांची भांडणं त्यांना पाठ होती, आणि ती गुप्त ठेवण्याचा आजार त्यांना नव्हता.

एकदा नदीकाठच्या एका गावचा माणूस तावातावानं आला. शेजाऱ्यानं बांध कोरला होता, त्याच्यावर तक्रार करायची होती. मुन्शीजींनी बटण दाबलं आणि सुरू झाले. बाराव्या मिनिटाला निघालं की या माणसाच्या आईला रात्री नांदेडच्या दवाखान्यात नेलं ते याच शेजाऱ्याच्या जीपमधून. माणसानं आणलेले कागद घडी घालून खिशात ठेवले. पंधराव्या मिनिटाला, चहा घेऊन येतो म्हणाला आणि गेला तो आलाच नाही. तेवढ्यात स्क्रीन उजळली. मुन्शीजींनी दिवसभर तोंड पाडलं. "मशीन गरम झालं अन् गिऱ्हाईक थंड झालं," असं ते येईल त्याला सांगत होते.

माझ्या मते हा सगळा दोष मशीनचा होता. रस्त्याच्या पलीकडे काचेच्या दाराचं एक नवं सेवा केंद्र उघडलं होतं. तिथं दोन लॅपटॉप, थंड हवा आणि पाण्याचा जार. लोक आमच्याकडे बघत बघत तिकडे जायचे. मी कोर्स केलेली मुलगी, मला हे सहन होईना. मी मुन्शीजींना सांगितलं की मशीन वाईट नाही, फक्त आतली रॅम कमी आहे आणि हार्ड डिस्क फिरणारी, जुन्या जातीची आहे. दोन्ही बदललं तर तेच मशीन पळेल. त्यांनी विचारलं, दोन्हीत फरक काय? मी शिकवलेलं सांगितलं: रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल मोठं झालं की एका वेळी जास्त कागद पसरता येतात, कपाट नव्या जातीचं असलं की कागद हाताला लवकर लागतो. मुन्शीजी म्हणाले, टेबल मोठं केल्यानं लिहिणारा शहाणा होत नाही. तो विषय तिथंच संपला.

मग एक दिवस एका निवृत्त मास्तरांचा पेन्शनचा अर्ज त्यांनी तीन वेळा टाइप केला आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीला मशीन अडकलं. मास्तर उठले, रस्ता ओलांडला आणि काचेचं दार ढकलून आत गेले. मुन्शीजींनी छपाईला काढलेला कोरा कागद परत गठ्ठ्यात ठेवला. मग मला म्हणाले, "म्याडम, कपाट बदलायला काय लागतंय?"

लागलं ते असं. या छोट्या मशीनमध्ये मोठ्या संगणकाची लांब रॅम बसत नाही, लॅपटॉपची आखूड लागते. म्हणून मी जुनी पट्टी नमुन्याला काढली, रुमालात गुंडाळली आणि नांदेडची बस धरली. मुन्शीजी स्टँडवर सोडायला आले. पट्टीच्या पिवळ्या कडेला बोट लावू नका, पर्स मांडीवर ठेवा, खिडकीशी बसू नका, अशा सूचना त्यांनी बस हलेपर्यंत दिल्या. शेजारची बाई मला हळूच विचारत होती, की सोनं आहे का म्हणून. नांदेडच्या दुकानदारानं रुमाल उघडला आणि म्हणाला, ताई, एवढ्यापेक्षा नवीन मशीन घ्या. मी म्हटलं, मशीन नवीन मिळेल, मालक जुनाच आहे. त्यानं आठ जीबीची पट्टी आणि पत्त्यांच्या कॅटएवढी, न फिरणारी नवी डिस्क दिली.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी शस्त्रक्रिया झाली. त्यासाठी शेडमधली स्क्रीनसुद्धा घरी आणली. मुन्शीजींनी टेबलावर स्वच्छ धोतर अंथरलं. मी काढलेला प्रत्येक स्क्रू ते वेगळ्या कागदावर ठेवत आणि शेजारी लिहीत: 'मागचा', 'डिस्कचा उजवा', 'डिस्कचा डावा'. काकूंनी चहा आणला तर त्यांना दारातच थांबवलं. झाकण सरकवलं तेव्हा आतून नायगावची सगळी धूळ निघाली, गादीसारखी दाबून बसलेली, आणि तिच्यात एक वाळलेला कोळी. मुन्शीजी ओशाळले. आपल्या घरातला केर पाहुण्यानं पाहावा, तसे. मी ब्रशनं झाडत होते आणि ते सांगत होते की हा कोळी नांदेडच्या कंपनीतलाच असणार.

नवी पट्टी बसवून बटण दाबलं. स्क्रीन काळी, आणि आतून तीन शिट्ट्या. मुन्शीजी काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा काय करावं हे मला कुणी कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. मी पट्टी काढली, पुन्हा तिरकी घातली आणि दोन्ही बाजूंचा खटका ऐकू येईपर्यंत दाबली. या वेळी शिट्टी नाही. मग जुनी डिस्क वायरनं बाहेरून जोडून तिच्यातलं सगळं नवीवर उतरवायला लावलं. त्याला साडेचार तास लागले. तेवढा वेळ ते समोर खुर्ची टाकून बसले होते, जेवायलाही उठले नाहीत.

दुपारी नव्या डिस्कवर मशीन सुरू केलं. पंधरा सेकंद. मी विजयानं त्यांच्याकडे पाहिलं, तर चेहरा उतरलेला. त्यांनी बंद करायला लावलं, पुन्हा सुरू करायला लावलं. पुन्हा पंधरा सेकंद.

"सगळं सुरू झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सगळं.

ते उठून अंगणात गेले. मला वाटलं, अर्ज हरवले असतील याची भीती. मी आतून ओरडून सांगितलं की एकही फाईल गेलेली नाही.

पुढचा महिना माझा होता. मुन्शीजी स्वतःच्याच टेबलावर पाहुणे झाले. गिऱ्हाईक बसलं की ते विचारत, कुठलं गाव? आणि गिऱ्हाईक म्हणे, मुन्शीजी, मशीन तर चालू हाय, लिवा ना. मग ते चष्मा पुसत. पुन्हा गावाचं नाव विचारत. कागद मोजत. मी तोवर अर्ज टाइप करून, छापून, टाचणी मारून हातात दिलेला असे. बांधाच्या तक्रारी, भावकीच्या तक्रारी, सुनेच्या सासूवर आणि सासूच्या सुनेवर, सगळं सात मिनिटांत. त्या महिन्यात तालुक्यात शत्रुत्व वाढलं असेल तर त्यातला थोडा वाटा माझाही आहे. काचेच्या दारातली गर्दी आमच्या बाकड्यावर आली. मी फार खूश होते.

त्याच दिवसांत दोन भाऊ आणि त्यांची बहीण आले. गाडी बाहेर उभी. बहिणीला देगलूरकडे दिलेली, भाऊ तिला अक्का म्हणत होते. वडील वारले होते आणि बहिणीचा शेतातला हिस्सा भावांच्या नावे सोडायचा कागद, म्हणजे हक्कसोडपत्र करायचं होतं. रजिस्ट्री दुपारी. थोरल्यानं स्टॅम्प, सातबारा, आधार, फोटो, सगळं दोन-दोन प्रतींत आणलेलं. अशी तयारीची गिऱ्हाइकं मला फार आवडायची. नमुना माझ्याकडे तयारच होता, फक्त नावं आणि गट नंबर भरायचे.

मुन्शीजींनी थोरल्याला झेरॉक्सला पाठवायचा प्रयत्न केला, तर झेरॉक्स झालेली. धाकट्याला साक्षीदार आणायला सांगितलं, तर साक्षीदार गाडीत बसलेले. मग ते बहिणीकडे वळले. अक्का, लेकरं किती? थोरला म्हणाला, दोन. कितवीला? थोरला म्हणाला, दहावी अन् सातवी. मालक काय करतात? धाकटा म्हणाला, दुकान हाय. ती बाई पर्स मांडीवर धरून बाकड्याच्या टोकाला बसली होती आणि आपल्याबद्दल चाललेलं बोलणं दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं ऐकत होती. मी टाइप करत होते. 'मी माझा हिस्सा राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' इथपर्यंत आले आणि स्क्रीन गेली.

"लाईट गेली," मुन्शीजी म्हणाले.

थोरल्यानं वर पाहिलं. पंखा फिरत होता. मी खाली पाहिलं. मुन्शीजींचा पाय टेबलाखालच्या स्विचवर होता. मला वाटलं, चुकून लागला. मी स्विच चालू केला, बटण दाबलं. पंधरा सेकंद, आणि मी लावून ठेवलेल्या सोयीमुळे सगळा मजकूर जसाच्या तसा परत आला. मी दोन शब्द पुढे गेले. स्क्रीन पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा थोरल्यानं सरळच विचारलं, "मुन्शीजी, काय करून राहिले तुम्ही?"

मुन्शीजींनी पाय काढला. उभे राहिले. एवढ्या दिवसांत त्यांना गिऱ्हाइकासमोर उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"म्याडम," ते मला म्हणाले, "तुम्ही जे लिवलं ते हिला वाचून दाखवा. मोठ्यानं. सगळं."

मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि वाचलं. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, विहीर, झाडं, पाणंद. मी असे कागद किती टाइप केले होते कुणास ठाऊक, पण मोठ्यानं एकही वाचला नव्हता. वाचताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. 'राजीखुशीने' आलं तेव्हा मी अडखळले.

अक्कानं पहिल्यांदा मान वर केली. "विहिरीकडला तुकडा बी ह्यात हाय का?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरला म्हणाला, सगळं एकच आहे, वेगळं काय करायचं. ती म्हणाली, "तू फोनवर खालचंच रान म्हनलास." मग पर्सची चेन लावली आणि म्हणाली, "आज न्हाई करायचं मला."

भाऊ तिला गाडीकडे बोलावत राहिले, मग रागानं एकटेच निघून गेले. जाताना मुन्शीजींना घरं फोडणारा म्हणून गेले. ती बाकड्यावरच बसली. मला वाटलं मुन्शीजी आता तिला दोन बऱ्या गोष्टी सांगतील. त्यांनी तिला झापलं. शिकलेली बाई, सातबारा हातात असून वाचत नाही, पोरांना काय शिकवणार. मग देगलूरच्या गाड्यांच्या वेळा एका चिठ्ठीवर लिहून दिल्या.

ती गेल्यावर मी स्क्रीनवरचा अर्धवट कागद बंद केला. ती अठरा मिनिटं कशासाठी होती हे मला आता कळलं होतं, आणि ती मीच काढून टाकली होती. संध्याकाळी मी म्हटलं, जुनी डिस्क जपून ठेवलीय, हवी तर परत बसवते. मुन्शीजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी 'हात जोडून विनंती' लिहिलं होतं. गेलेली गिऱ्हाइकं परत आलीत, ती काय घालवायची, म्हणाले.

बटण आपण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, हा शोध आम्हा दोघांना आणखी आठ दिवसांनी लागला. तेव्हापासून मशीन बंद ठेवूनच प्रश्न सुरू झाले. ज्याचा कागद त्यानं आत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर. एवढं सोपं होतं. त्यासाठी जुन्या कपाटाची गरज नव्हती, आणि माझ्या प्रमाणपत्राची तर मुळीच नव्हती.

अक्काच्या भावांनी बाजारभर बोंब मारली, तेव्हा काही दिवस आमचं बाकडं रिकामं राहिलं. सहा महिन्यांनी कळलं, तिनं सही केली, पण खालच्या रानापुरती. विहिरीकडचा तुकडा तिच्या नावानं राहिला. मला फार बरं वाटलं. मुन्शीजींना वाटलं नाही. तो कागद काचेच्या दारात टाइप झाला होता आणि त्यात 'विहीर' शब्दातला 'ही' ऱ्हस्व होता, हेच ते आठवडाभर सांगत होते.

पुढे माझं लग्न झालं, मी लातूरला आले. एका शिकवणीच्या कार्यालयात संगणकावर बसते. माझे वडील गेल्यावर वर्षानं भावाचा फोन आला: एक कागद करायचाय, नुसती सही, मुन्शीजींकडेच करू, ओळखीचे आहेत. मी हो म्हणाले. काही विचारलं नाही. एवढं सगळं पाहून, टाइप करून, मी काही विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्या शेडमध्ये गेलो. मुन्शीजी वाकले होते, खिशात पेनं तीनच होती. त्यांनी भावाला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, नाव? मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही का.

"मला म्हाईत हाय. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. गाव, गट नंबर. त्यांनी विचारलं, बापाच्या शेतात शेवटचं कधी गेला होता? म्हटलं, दहाव्याला. कुठं बसला होता? मला हसू आलं, हे काय विचारणं. मग आठवलं.

"गोठ्याच्या सावलीला," मी म्हणाले. "पाहुण्यासारखी."

"पाव्हण्यासारखी. बरं," मुन्शीजी म्हणाले, आणि उठले. भावाला आत पाठवलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसले.

आम्ही भाऊबहीण समोरासमोर बसलो. बंद संगणक मध्ये. भावानं विचारलं, काय म्हणाले ते? मी म्हटलं, काही नाही, तूच सांग, तुला काय वाटतं. तो म्हणाला, तुला नको असेल असंच वाटलं होतं, तू कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, तू कधी विचारलं नाहीस. मग आम्ही बराच वेळ बोललो, शेताबद्दल थोडं आणि आईबद्दल पुष्कळ. कागद झाला नाही. माझं नाव राहील, रान तो कसेल आणि पेरणीला मी जाईन, असं ठरलं. यंदा गेले.

बाहेर आलो तेव्हा उन्हात तीन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. मुन्शीजी दारात बाकडं आडवं टाकून बसले होते, कुणालाही आत सोडत नव्हते, आणि त्या तिघांना माझ्या घरची सगळी हकिकत सांगत होते. कोणाचं कोणाशी पटत नाही, वडिलांच्या आजारपणात कोण आलं आणि कोण आलं नाही, माझ्या लग्नात दुसऱ्या पंगतीला वरण कमी पडलं होतं. मी दारात उभी राहून ऐकलं. एकही तपशील चुकीचा नव्हता.